छतावरचे ऊन आणि न्हाणीतले ऊन पाणी

छत्रपती संभाजीनगरहून जळगाव रस्त्याने उत्तरेकडे निघाले की हर्सूल लागते. तलाव, मध्यवर्ती कारागृह आणि हरसिद्धी मातेचे मंदिर यांसाठी ओळखले जाणारे हे गाव आता शहराचेच उपनगर झाले आहे. येथूनच एक रस्ता जटवाड्याच्या संकटहर पार्श्वनाथ दिगंबर जैन अतिशय क्षेत्राकडे वळतो. शहर वाढत गेले तशी राजाबाजार, जुना मोंढा अशा पेठांत राहणारी अनेक व्यापारी कुटुंबे दुकाने तेथेच ठेवून बिऱ्हाडाने उपनगरांत आली. पेठेतल्या दाट वस्तीत न मिळणारी एक गोष्ट त्यांना येथे मिळाली, ती म्हणजे स्वतःचे मोकळे छत. त्या छतावर पडणाऱ्या उन्हाने घरातील पाणी कसे तापवावे, हा प्रश्न आज हर्सूलसारख्या वस्त्यांत घरोघरी विचारला जातो.

प्रश्न किरकोळ वाटतो, पण जैन घरात तो किरकोळ राहत नाही. पहाटे स्नान केल्याशिवाय अभिषेक-पूजेला जाता येत नाही. वयोवृद्ध माणसांना थंडीत ऊन पाणी लागतेच. व्रतस्थ माणसांसाठी पिण्याचे पाणी उकळावे लागते. आणि या सर्वांत पाण्याच्या व अग्नीच्या जीवांची विराधना कमीत कमी व्हावी, असा आग्रह असतो. त्यामुळे पाणी तापविण्याचे साधन निवडताना वीजबिल आणि विवेक या दोन्ही वह्या एकदम उघडाव्या लागतात.

बंबापासून गीझरपर्यंत

जुन्या घरांत परसदारी तांब्याचा बंब असे. त्यात घालण्यापूर्वी लाकूड झटकून, पाहून घेण्याची शिस्त होती, कारण ढलप्यांत दडलेली किडामुंगी जिवंत जळू नये ही काळजी होती. पुढे गॅस आला, विजेचा गीझर आला आणि ज्वाला डोळ्यांआड गेली. मात्र ती विझली नाही, केवळ दूर गेली. महाराष्ट्रातील विजेचा मोठा भाग आजही कोळशावर तयार होतो, आणि एक युनिट विजेसाठी साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो.

पाच माणसांच्या कुटुंबाचा हिशेब मांडला तर चित्र स्पष्ट होते. हिवाळ्यात टाकीतील पाणी २० अंशांवर असते असे धरू. १०० लिटर पाणी २० वरून ५० अंशांवर नेण्यास ३,००० किलोकॅलरी उष्णता लागते, म्हणजे साडेतीन युनिट. गीझरच्या टाकीतून होणारी गळती धरली तर चार युनिट. या १०० लिटरमध्ये ५० लिटर थंड पाणी मिसळले की ४० अंशांचे १५० लिटर पाणी होते, म्हणजे २० लिटरच्या साडेसात बादल्या. माणशी दीड बादली. या साध्या स्नानासाठी कुठेतरी रोज अडीच किलोंहून अधिक कोळसा जळतो. हेच पाणी गॅसवर तापविले तर दिवसाला सुमारे ३५० ग्रॅम गॅस लागतो आणि १४.२ किलोचे सिलिंडर केवळ अंघोळीपायी चाळीस दिवसांत संपते.

कोळशाच्या विजेला पाणीही लागते, हे मराठवाड्याला वेगळे सांगायला नको. बीड जिल्ह्यातील परळीचे औष्णिक वीज केंद्र २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. छतावर तयार होणाऱ्या विजेला पाणी लागते ते फक्त पॅनेलवरची धूळ पुसण्यापुरते.

सूर्याच्या दोन वाटा

सूर्याकडून पाणी तापवून घेण्याच्या वाटा दोन. पहिली जुनी आणि परिचित आहे. काळ्या पत्र्याच्या पेटीतून किंवा काचेच्या दुहेरी नळ्यांतून पाणी फिरते, तापते, हलके होऊन वरच्या टाकीत चढते. याला सर्वजण सोलर हीटर म्हणतात. अमेरिकेत क्लॅरेन्स केम्प यांनी अशा बंबाचे पेटंट १८९१ मध्ये घेतले. पण महाराष्ट्राचा मान त्याहून जुना आहे. मुंबई उच्च न्यायालयात उपनिबंधक असलेल्या विल्यम ॲडम्स या इंग्रज गृहस्थाने कुलाब्यातील आपल्या बंगल्याच्या आवारात ७२ सपाट आरसे एका चौकटीत बसविले, त्यांचे ऊन एका बाष्पपात्रावर एकवटले आणि अडीच अश्वशक्तीचे वाफेचे यंत्र त्यावर चालवून दाखविले. या प्रयोगांवरील त्यांचे पुस्तक १८७८ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाले. सुमारे १३० वर्षांनी, २००९ मध्ये, संभाजीनगरहून फार दूर नसलेल्या शिर्डीत साईबाबा संस्थानच्या प्रसादालयावर ७३ मोठ्या अंतर्वक्र तबकड्या बसल्या आणि त्यांच्या वाफेवर भाविकांचे अन्न शिजू लागले.

दुसरी वाट विजेची. प्रकाश पडल्यावर काही पदार्थांत वीज निर्माण होते, हे फ्रान्समधील एडमंड बेकरेल यांनी १८३९ मध्ये पाहिले. सिलिकॉनचा उपयुक्त सौर घट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ मध्ये तयार झाला. तो पडलेल्या उन्हाचा जेमतेम ६ टक्के भाग विजेत बदलत असे. आजची चांगली पॅनेल २० टक्क्यांहून अधिक भाग बदलतात. या विजेवर घरातलाच गीझर चालवायचा, ही नवी पद्धत.

दोहोंची तुलना प्रामाणिकपणे करावी लागते. १०० लिटर पाण्यासाठी सोलर हीटरला साधारण दोन चौरस मीटर पृष्ठभाग पुरतो, कारण तो उन्हाचा जवळपास निम्मा भाग थेट उष्णतेत बदलतो. तेवढ्याच पाण्यासाठी एक किलोवॉटची पॅनेल लागतात आणि त्यांना पाच चौरस मीटरहून अधिक जागा लागते. संभाजीनगरच्या उन्हात एक किलोवॉटची पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट वीज देतात, म्हणजे वर काढलेली स्नानाची गरज नेमकी भागते. जागेच्या बाबतीत जुनी वाट सरस आहे, यात शंका नाही.

परंतु व्यापारी माणूस मालाची किंमत पाहतो तसा तो वर्षात किती दिवस खपतो हेही पाहतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीस अंशांपुढे जातो तेव्हा ऊन पाणी कोणाला हवे असते? त्या दिवसांत सोलर हीटर छतावर उकळत बसतो आणि त्याचा उपयोग शून्य असतो. पॅनेलची वीज मात्र त्याच दिवसांत कूलर, पंखे, फ्रीज चालविते. आषाढ-श्रावणात ढग दाटले की हीटरचे पाणी कोमट राहते आणि आत बसविलेली विजेची कांडी लावावी लागते. पॅनेलही ढगाळ दिवशी कमी वीज देतात, पण जी देतात ती वाया जात नाही. आणि सर्वांत मोठा फरक असा की हीटरचे पाणी साधारण साठ-सत्तर अंशांवर थांबते, विजेने ते शंभर अंशांपर्यंत उकळता येते. जैन घरात या फरकाला विशेष अर्थ आहे.

प्रासुक पाणी आणि तापलेले पाणी

सोलर हीटरच्या नळातून हात पोळणारे पाणी आले म्हणजे ते उकळलेले, असा समज काही घरांत दिसतो. तो बरोबर नाही. साठ अंशांचे पाणी तापलेले असते, उकळलेले नसते. श्वेतांबर परंपरेत पाण्याला तीन उकाळे येऊ द्यावेत असा संकेत आहे, आणि असे पाणी उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात चार व पावसाळ्यात तीन प्रहरांपर्यंत अचित्त मानले जाते. दिगंबर परंपरेत गाळलेल्या पाण्याची मर्यादा सामान्यतः एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटे, आणि उकळलेल्या पाण्याची २४ तास मानली जाते. तपस्वी, आयंबिल करणारे किंवा आहारदान देणारे कुटुंब यांनी सोलर हीटरचे पाणी या व्रतासाठी चालेल असे गृहीत धरू नये. शिवाय हीटरच्या नळ्यांत व टाकीत क्षार आणि गाळ साठतो. ते पाणी स्नानाचे, पिण्याचे नव्हे.

पॅनेलच्या विजेवर मात्र हे काम होऊ शकते. दहा लिटर पाणी २० वरून १०० अंशांवर नेण्यास एक युनिटपेक्षा थोडी कमी वीज लागते. अनेक घरांत सूर्योदयानंतर पाणी गाळून मग उकळण्याची पद्धत आहे. त्या वेळी पॅनेलही जागी होऊ लागतात आणि दोन्हींचे वेळापत्रक सहज जुळते. एखाद्या धर्मशाळेत किंवा वर्षीतपाच्या पारण्याला १०० लिटर पाणी उकळायचे झाल्यास गळतीसह सुमारे दहा युनिट लागतील. अडीच किलोवॉटची पॅनेल तेवढी वीज एका दिवसात देतात.

येथे एक तात्त्विक प्रश्नही उभा राहतो. वीज ही सचित्त तेउकाय मानावी की अचित्त पुद्गल? याविषयी साधुवर्गात जुने मतभेद आहेत. तेरापंथात विजेला अचित्त मानणारी सविस्तर मांडणी झाली आहे, तर अन्य अनेक परंपरांत वीज अग्निकायाचाच प्रकार समजली जाते. श्रावकाने या वादाचा निकाल घरी बसून लावू नये. आपल्या गुरूंकडून तो समजून घ्यावा. तथापि जी कुटुंबे आजही गीझर वापरतात, त्यांच्यासाठी प्रश्न वीज वापरावी की नाही हा राहिलेला नाही. ती वीज कोळसा जाळून यावी की ज्वालेवाचून यावी, एवढाच तो उरतो, आणि त्याचे उत्तर कठीण नाही.

गाळण्याचा नियमही विसरता कामा नये. न गाळलेले पाणी तापविले तर त्यातील त्रसजीवांची हिंसा होते. छतावरची टाकी उघडी राहिली की तिच्यात अळ्या होतात आणि तेच पाणी हीटरमध्ये किंवा गीझरमध्ये जाते. टाकीला घट्ट झाकण, पाणी टाकीत शिरते त्या तोंडाशी जाड दुहेरी छन्ना, तो नियमित बदलणे आणि जीवाणी योग्य जागी सोडणे, हे उपाय स्वस्त आहेत. कोणतेही यंत्र ते आपोआप करीत नाही.

नळीत अडकलेले पाणी

संभाजीनगरात पाण्याचे मोल फार जुन्या काळापासून माहीत आहे. मलिक अंबरच्या काळातील नहरींनी उत्तरेकडील डोंगराळ भागातील पाणी जमिनीखालून शहरात आणले. पाणचक्कीत तर अशाच नहरीचे पाणी उंचावरून सोडून त्याच्या जोरावर धान्य दळले जाई, सरपणाची एक काडी न जाळता. आज मात्र नळाला अनेक दिवसांआड पाणी येते, आणि मधल्या काळात बोअर किंवा टँकर यांवर भागवावे लागते.

अशा शहरात सोलर हीटरचा एक दोष फार बोचतो. छतापासून खालच्या मजल्यावरील न्हाणीघरापर्यंत नळी वीस मीटर लांब असेल आणि तिचा आतला व्यास २० मिलिमीटर असेल, तर तिच्यात सहा लिटरहून अधिक पाणी मावते. रात्रभर ते थंड होते. सकाळी पहिल्या माणसाला ऊन पाणी यावे म्हणून एवढे पाणी सोडून द्यावे लागते, आणि न्हाणीघरे दोन असतील तर दुप्पट. महिन्याला दोनशे-चारशे लिटर पाणी असे मोरीत जाते. पाण्याच्या एका थेंबात असंख्य अप्कायिक जीव मानणाऱ्या घराला हे परवडणारे नाही. हे पाणी बादलीत धरून झाडांना किंवा फरशीला वापरणे हा एक मार्ग. दुसरा मार्ग पॅनेलचा. वीज तारेतून खाली येते आणि गीझर न्हाणीतच असल्याने मधल्या नळीत पाणी अडकण्याचा प्रश्नच राहत नाही.

बोअरच्या जड पाण्याचीही भर पडते. तापलेल्या पाण्यातील क्षार नळ्यांत थरावर थर साठतो आणि काही वर्षांत सोलर हीटरचा प्रवाह मंदावतो. गीझरच्या कांडीवरही तो साठतो, पण कांडी काढून साफ करणे किंवा बदलणे हे तासाभराचे काम आहे.

पॅनेलने पाणी तापविण्याच्या पद्धती

पहिली आणि बहुतेक घरांना योग्य पद्धत नेट मीटरची. छतावरची वीज इन्व्हर्टरमधून घरात येते, उरलेली महावितरणच्या जाळ्यात जाते आणि पहाटे किंवा रात्री घर ती परत घेते. देवाणघेवाणीची नोंद दोन्ही दिशांनी फिरणारा मीटर ठेवतो. उधार-जमेची वही ज्यांच्या अंगवळणी पडलेली आहे त्यांना ही व्यवस्था समजावून सांगावी लागत नाही. गीझर पहाटे पाच वाजता लावला तरी हिशेबात तो दुपारच्या उन्हावरच चालतो. आर्थिक वर्षाच्या अखेरीस शिल्लक युनिट राहिली तर त्यांचा मोबदला मिळतो, पण तो घरगुती दरापेक्षा बराच कमी असतो. म्हणून गरजेपेक्षा मोठा संच बसविण्यात फायदा नाही. हेही लक्षात ठेवावे की जाळ्यातील वीज गेली की सुरक्षिततेसाठी असा इन्व्हर्टरही बंद पडतो.

दुसरी पद्धत वेळेची शिस्त पाळण्याची. गीझरला टायमर लावून पाणी दुपारी ११ ते ३ या वेळात तापवायचे आणि चांगल्या आवरणाच्या मोठ्या टाकीत साठवायचे. सकाळपर्यंत काही अंश उतरतात, पण स्नानापुरती ऊब राहते. महाराष्ट्रात स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना १ जुलै २०२५ पासून दिवसाच्या वेळेतील वापरावर दरात सवलत लागू झाली आहे, त्यामुळे पॅनेल नसलेल्या घरालाही ही सवय उपयोगी पडते.

तिसरी पद्धत पॅनेलची वीज थेट कांडीला देण्याची. जाळे नाही, नेट मीटर नाही, कागदपत्रे नाहीत. शेतावरच्या घराला किंवा आडवाटेच्या विहारधामाला ती आकर्षक वाटते. तिच्यात दोन अडचणी आहेत. ऊन निम्मे झाले की पॅनेलचा प्रवाह निम्मा होतो, पण साध्या कांडीत उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात निर्माण होते. म्हणजे निम्म्या उन्हात निम्मी नव्हे, पाव उष्णताच मिळते. हा तोटा टाळण्यासाठी पॅनेल व कांडी यांच्यामध्ये योग्य नियंत्रक लागतो. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. पॅनेलची वीज एकाच दिशेने वाहणारी असते आणि घरगुती गीझरचा थर्मोस्टॅट व बटण दिशा बदलणाऱ्या विजेसाठी बनविलेले असतात. एकदिश वीज तोडताना त्यांच्यात ठिणगी टिकून राहते, बटण जळते आणि आग लागू शकते. ओळखीच्या वायरमनने जुन्या गीझरला थेट पॅनेल जोडून देतो म्हटले, तर त्याला नम्रपणे नकार द्यावा.

चौथी पद्धत उष्णता पंपाची. फ्रीज जसा आतील उष्णता बाहेर टाकतो, तसा हा पंप बाहेरच्या हवेतील उष्णता पाण्यात ओततो. एक युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता मिळते, म्हणून १०० लिटर पाणी सव्वा युनिटच्या आसपास तापते. यंत्र महाग आहे आणि एका कुटुंबाला सहसा जड जाते. वसतिगृह, धर्मशाळा, रुग्णालय अशा ठिकाणी जेथे रोज हजारो लिटर पाणी लागते, तेथे मात्र त्याचा विचार अवश्य करावा.

रुपयांचा हिशेब

प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. एक कोटी घरांचे उद्दिष्ट असलेल्या या योजनेसाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद आहे. घरगुती संचाला पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॉटला १८,००० रुपये असे कमाल ७८,००० रुपयांचे अनुदान मिळते. त्यासाठी पॅनेल भारतीय बनावटीच्या घटांची असावी लागतात आणि काम नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच करून घ्यावे लागते. सोलर हीटरवर केंद्राचे असे अनुदान पूर्वी होते, ते २०१४ मध्ये थांबले. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर साधनांवरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे.

उदाहरणादाखल एक किलोवॉटच्या संचाची किंमत ६५,००० रुपये धरू. अनुदान वजा जाता ३५,००० उरतात. वर्षाला १,४०० युनिट मिळतात. पैकी स्नानाच्या पाण्याला, उन्हाळ्याचे दिवस सोडून अडीचशे दिवस चार युनिटप्रमाणे, १,००० युनिट लागतात आणि ४०० युनिट घरातील इतर कामाला येतात. युनिटचा दर सर्व आकारांसह १० रुपये धरला तर वर्षाला १४,००० रुपये वाचतात आणि भांडवल अडीच वर्षांत सुटते. याच्या शेजारी २५,००० रुपयांचा १०० लिटरचा सोलर हीटर ठेवला, त्याने पावसाळ्याची तूट वजा करून ८०० युनिट वाचविली असे धरले, तर वर्षाला ८,००० रुपये वाचतात आणि भांडवल सुमारे तीन वर्षांत सुटते. म्हणजे दोन्ही सौदे चांगले आहेत. अनुदान नसते तर पॅनेलला साडेचार वर्षांहून अधिक लागली असती आणि निवाडा हीटरच्या बाजूने गेला असता. ज्याच्या छतावर जागा थोडी आहे, वीजबिल लहान आहे आणि गरज फक्त ऊन पाण्याची आहे, त्याने आजही हीटर घेण्यात काही चूक नाही. ज्याचा हीटर नीट चालतो आहे, त्याने तो काढून टाकण्याचे तर मुळीच कारण नाही.

तीन किलोवॉटचा संच १,९०,००० रुपयांना पडला आणि ७८,००० रुपये अनुदान मिळाले, तर १,१२,००० रुपयांचा भार राहतो. बँका या योजनेत तारणाशिवाय कर्ज देतात. सात टक्के व्याज आणि पाच वर्षांची मुदत धरल्यास मासिक हप्ता सुमारे २,२०० रुपये होतो. संचाची ४,२०० युनिट घरात खपली तर महिन्याला ३,५०० रुपये वाचतात, म्हणजे हप्ता बचतीतूनच भागतो. मात्र ज्या घराचा वापर महिन्याला दोनशे युनिट आहे, त्याला वर्षाला २,४०० युनिटच लागतात. त्याने तीन किलोवॉटच्या अनुदानाच्या मोहात पडू नये, दोन किलोवॉट पुरे आहेत. वीजदर टप्प्यांनी चढतो, त्यामुळे पॅनेलने वाचलेली पहिली युनिट ही बिलातील सर्वांत महाग टप्प्याची असतात. पुढची युनिट खालच्या टप्प्यातील, म्हणून बचत उतरत जाते. स्थिर आकार तर संच बसविला तरी भरावाच लागतो.

व्यापारी घरांत आणखी एक गोष्ट पाहावी. हे अनुदान निवासी जोडणीलाच मिळते. दुकान किंवा गोदामाच्या छतावरील संचाला ते मिळत नाही, पण व्यवसायाची मालमत्ता म्हणून आयकरात त्यावर ४० टक्के दराने घसारा मिळतो. वर्षात १८० दिवसांहून कमी वापर झाल्यास त्या वर्षी निम्माच. घर आणि दुकान एकाच इमारतीत असेल, तर कोणत्या मीटरवर संच जोडावा हे आपल्या सनदी लेखापालाला विचारूनच ठरवावे.

सामायिक छत

हर्सूल परिसरात आता सदनिकांच्या इमारतीही उभ्या राहत आहेत. तेथे छत सर्वांचे असते आणि वादही तेथूनच सुरू होतात. वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाने छत आपलेच समजून पॅनेल मांडली, तर खालच्यांचा हक्क बुडतो. छताची वाटणी लेखी ठरावाने, सर्वांच्या सह्यांनी व्हावी. गृहनिर्माण संस्थेला जिना, पंप, उद्वाहक यांसारख्या सामायिक विजेसाठी किलोवॉटला १८,००० रुपये अनुदान मिळते. सामायिक बिल उतरले की त्याचा लाभ तळमजल्यापासून वरपर्यंत सर्वांना सारखा मिळतो, आणि वाटणीचा प्रश्नही सौम्य होतो. ज्या घरात वृद्ध विधवा किंवा एकटे दाम्पत्य आहे आणि ज्यांना सुरुवातीची रक्कम भरणे जड आहे, त्यांचा वाटा बाकीच्यांनी आधी भरून हप्त्याने फेडून घेतला, तर ते साधर्मिक वात्सल्यच होईल.

निगा आणि सुरक्षितता

संभाजीनगर सुमारे २० अक्षांशावर आहे. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून साधारण तितक्याच अंशांच्या उताराने बसवावीत. डिसेंबरात दुपारी सूर्य आकाशात ४७ अंशांच्या आसपासच असतो, तेव्हा एक मीटर उंच कठड्याची सावली जवळजवळ तेवढीच लांब पडते. एका कोपऱ्यावर पडलेली सावलीही पूर्ण रांगेची वीज कमी करते. उन्हाळ्यात पॅनेल तापले की त्याची क्षमता घटते. ६५ अंशांवर ती सुमारे १४ टक्क्यांनी कमी असते, म्हणून पॅनेलखाली हवा खेळती राहील एवढी उंची ठेवावी.

मराठवाड्याची धूळ पंधरा दिवसांत पॅनेलवर थर धरते. ती भल्या पहाटे, काच थंड असताना, मऊ कापडाने पुसावी. पाणी लागलेच तर अर्धी बादली, आणि शक्यतो गाळलेले व जड नसलेले. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात झालेली गारपीट येथील लोक विसरलेले नाहीत. पॅनेलची कडक काच साधी गार सोसते, सोलर हीटरच्या काचनळ्या अधिक नाजूक असतात. घराच्या विम्यात दोन्हींची नोंद करून घ्यावी.

गीझर कोणत्याही विजेवर चालो, त्याचे अर्थिंग नीट असावे आणि गळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण मंडळावर असावे. न्हाणीघरातील गॅस गीझर हा तर वेगळाच धोका आहे. बंद न्हाणीघरात त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि स्नान करणाऱ्याला कळण्यापूर्वीच शुद्ध हरपते. दरवर्षी हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या येतात. ज्या घरात असा गीझर न्हाणीच्या आत आहे, त्या घराने सूर्याचा विचार पुढे केला तरी चालेल, पण तो गीझर आजच बाहेर काढावा.

निर्णयापूर्वी

निर्णय घेताना क्रम ठरवून ठेवावा. प्रथम मागील बारा महिन्यांची वीजबिले समोर घ्यावीत आणि हिवाळ्यात बिल किती चढते ते पाहावे. तो फरक बहुतांशी ऊन पाण्याचा असतो. मग गरज कमी करावी. शॉवरऐवजी बादली, ६५ ऐवजी ५० अंशांवर गीझर, एकामागून एक स्नान, हे उपाय बिनपैशाचे आहेत आणि भोगोपभोग परिमाणाच्या व्रताशी सुसंगतही आहेत. १०० लिटरची गरज ७५ वर आली, तर लागणारी पॅनेलही पाऊणच लागतील. त्यानंतर टाकी, झाकण, छन्ना आणि नळ दुरुस्त करावेत. संच निवडण्याचे काम शेवटी.

संच बसविण्याचे काम दसऱ्यानंतर लगेच घेतले तर दीपावलीच्या सुमारास, थंडी पडण्यापूर्वी, ते पूर्ण होऊ शकते. भगवान महावीरांच्या निर्वाणदिनी नवी वही पूजिली जाते तेव्हा तिच्या पहिल्या पानांत घरच्या मीटरचा त्या दिवसाचा आकडाही लिहून ठेवावा. पुढच्या दीपावलीला तोच आकडा पुन्हा पाहिला की किती युनिट वाचली, किती रुपये वाचले आणि किती कोळसा जळण्याचा राहिला, हे कोणा विक्रेत्याला विचारावे लागणार नाही.